आजीच्या नावावर काय होतं?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा निधी शेतात राबणाऱ्या बायकांच्या मुलींच्या शिक्षणासाठी आहे. म्हणून मंडळाने आम्हाला सांगितलं, की तुमच्या आजीबद्दल चार शब्द बोला. आम्ही तिघं भावंडं. एक दुबईत, एक शारजात, एक अबूधाबीत. बोलायला उभं एकच जण राहिलं आहे, पण आठवणी तिघांच्या आहेत, तेव्हा 'आम्ही' असंच म्हणू.

आजीवरचं भाषण म्हटलं की गोधडीची ऊब येते, लाडवाचा डबा येतो, डोळे पाणावतात. ते सगळं आमच्या आजीपाशीही होतंच. पण आज आम्हाला हिशेब मांडायचा आहे. त्र्याण्णव वर्षांच्या आयुष्यात तिने किती केलं, आणि त्यातलं तिच्या नावावर किती लागलं, एवढाच साधा हिशेब. आजीला हिशेब फार आवडायचा.

तिचं नाव आम्ही इथे मुद्दामच घेत नाही. घेतलं तर ती आमच्या एकट्याची होऊन बसेल. तुम्ही आपापल्या आजीचं नाव मनात धरा आणि पुढचं ऐका. बरंचसं जुळेल, याची आम्हाला खात्री आहे.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात. दक्षिण महाराष्ट्राचं अगदी टोक. एका अंगाला आंबोलीचा घाट, दुसऱ्या अंगाला गडहिंग्लज, मधून हिरण्यकेशी नदी वाहते. पाऊस असा, की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. जमीन डोंगरउताराची, तुकड्या-तुकड्यांची. भात, नाचणी, थोडा ऊस.

आजीची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. तिची आई सांगायची, की शाहू महाराज गेले तेव्हा तू रांगत होतीस. महाराज गेले ६ मे १९२२ ला. त्यावरून आम्ही १९२१ हे साल धरलं. पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा अर्जात तारीख हवी, म्हणून १ जून टाकली. आजी म्हणाली, "बरं झालं. पेरणीच्या टायमाला जन्मले म्हणायचं!"

ती शेतकऱ्याच्या घरात जन्मली, आणि बारा-तेरा वर्षांची असताना शेतकऱ्याच्याच घरात आली. शाळेचं तोंड तिने बघितलं नाही. माहेरचं नाव लग्नात बदललं. म्हणजे हिशेबाच्या पहिल्याच ओळीत, होतं ते नावसुद्धा गेलं.

आता कामाचं बघू. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना भात म्हणजे सुपरमार्केटातली पाच किलोची पिशवी एवढंच माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आजीचा दिवस पहाटे चारला जात्यावर सुरू व्हायचा. नाचणी दळून झाली की गोठा. शेण काढायचं, म्हशीची धार काढायची, पाणी आणायचं, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या. दिवस उगवायच्या आत घरचं एक काम संपायचं आणि शेतातलं सुरू व्हायचं. मे महिन्याच्या शेवटी धूळवाफेवर भाताची पेरणी. ज्या वाफ्यात पाणी तुंबतं तिथे रोपलावण. आधी तरवा टाकायचा, रोपं हातभर झाली की उपटायची, पेंढ्या बांधायच्या, आणि गुडघाभर चिखलात वाकून एक-एक रोप लावत मागे सरकायचं. डोक्यावर इरलं, वरून पावसाची झोड. सकाळी वाकलेली बाई दुपारी जेवायला तेवढी सरळ व्हायची. पायाच्या बोटांत चिखल्या पडायच्या. रात्री चुलीपाशी बसून ती पाय शेकायची आणि शेकता-शेकता दुसऱ्या दिवसाची मजूर माणसं मोजायची.

भात लागलं की वरकडच्या रानात नाचणी लावायची. मग भांगलण. भांगलण म्हणजे उकिडवं बसून खुरप्याने तण काढत पुढे सरकत जायचं. हे पुरुषाचं काम नव्हेच, असं गावात धरूनच चालायचे. औत पुरुषाचं, खुरपं बाईचं. औत वर्षाकाठी काही दिवस चालतं आणि खुरपं चार महिने चालतं, ही गोष्ट मात्र कोणी मोजत नव्हतं. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी, मग पिंजर रचायची, कणगी भरायची. या सगळ्यात तिची सात बाळंतपणं झाली. त्यातली चार मुलं जगली. आमचे वडील तिसरे. त्यांचा जन्म कापणीच्या दिवसांतला. आजी सांगायची, "सकाळी कापाय गेले, दुपारी घरला आले, सांजंला ह्यो झाला."

बियाणाची मालकीण तीच होती. उभ्या पिकात फिरून टपोऱ्या लोंब्या ती आधीच हेरून ठेवायची, वेगळ्या कापायची, वेगळ्या वाळवायची आणि राख मिसळून मडक्यात भरायची. आमच्याकडचा घनसाळ तांदूळ तुम्ही ऐकला असेल. शिजला की आळीभर वास जातो. २०१६ साली 'आजरा घनसाळ'ला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मधल्या काळात संकरित वाण आले, घनसाळचा उतारा कमी पडतो म्हणून लोकांनी तो सोडला. आजीने सोडला नाही. दोन वाफे का होईना, दर वर्षी लावायची. कोणी हसलं तर म्हणायची, "प्वाट भरायला दुसरा लावा की. पावण्याला काय वाडशीला?" मानांकन मिळालं तेव्हा ती नव्हती. पण अशा दोन-दोन वाफ्यांच्या हट्टातूनच ते बियाणं तिथवर टिकलं, असं आम्हाला वाटतं.

दुधाचा हिशेब ती गोठ्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची. गावच्या दूध संस्थेत पुस्तक होतं आज्जाच्या नावावर. आज्जा, म्हणजे आमचे आजोबा. आणि आज्जा कुठे होता? आज्जा मुंबईत होता!

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या सगळ्यांशी निगडित आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या भागातून पिढ्यान् पिढ्या माणसं मुंबईच्या गिरणीत गेली. कोकणातून गेली, साताऱ्यातून गेली, तशीच आमच्याकडूनही गेली. खाते खानावळीत, झोपायला पाळीपाळीने खोली, आणि महिन्याला घरी मनीऑर्डर. आज्जा तीस वर्षांहून जास्त काळ गिरणीत होता. वर्षाला दोनदा यायचा. गणपतीला आणि लग्नसराईत. मनीऑर्डर आली की गाव म्हणायचं, "म्हमईच्या पैशावर घर चाललंय."

आम्ही एकदा आजीला हे विचारलं. ती म्हणाली, "म्हमईचा पैसा मिठामिरचीला आन् कापडाला. दाणा ह्या रानाचा. दोन्ही नसतं तर कुणाचं चाललं असतं?" तक्रार नव्हती त्यात. फक्त बेरीज पुरी करायची होती तिला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. डॉ. दत्ता सामंतांचा संप म्हणून तो इतिहासात गेला. आमच्या घरात तो आजीच्या माथ्यावर आला. आज्जा सहा महिने वाट बघून वळकटी घेऊन घरी परतला तो कायमचाच. मनीऑर्डर बंद. धाकट्या आत्याचं लग्न ठरलेलं. आमचे वडील तेवीस-चोवीस वर्षांचे, सुतारकाम शिकलेले, हाताला काम नाही. तेव्हा गावात आखाती देशांचं वारं शिरलं होतं. कोणीतरी एजंट आणला. दुबईला बांधकामावर माणसं हवीत, शटरिंगचं काम, पण पैसे आधी मोजायचे.

घरातल्या पुरुषांनी ठरवलं, नदीकडचा खालचा तुकडा विकायचा. गिऱ्हाईक तयार होतं. हा तुकडा म्हणजे आमच्या शेतीचा गाभा. त्याचे बांध आजीने तीस वर्षं पाटीपाटीने दगड वाहून घातलेले. घनसाळ तिथेच व्हायचा. आणि विकायला तिची सही लागत नव्हती, अंगठाही लागत नव्हता. सात-बारावर आज्जाचं आणि त्याच्या भावाचं नाव. कायद्याने आजीचा त्या मातीशी काही संबंधच नव्हता.

त्या रात्री ती ओसरीवर येऊन बसली. पुरुषमाणसं बोलत असताना ती कधी तिथे येत नसे. वडील सांगायचे, ती एवढंच बोलली, "माझा अंगठा लागत न्हाई, म्हणून माझं बोलणं बी लागत न्हाई व्हय?"

कोणाला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन म्हशी बाजारात काढल्या आणि हातातल्या पाटल्या सोनाराकडे दिल्या. त्या पाटल्या माहेरच्या. तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं. पैसे पुरे पडले. खालचा तुकडा वाचला, आणि १९८३ साली आमचे वडील दुबईला उतरले. मंडळी, आज आम्ही तिघं या देशात उभे आहोत ते दोन म्हशी आणि दोन पाटल्यांवर. आमच्या कुटुंबाच्या पासपोर्टावर पहिला शिक्का बसला तो त्या पाटल्यांचा.

वडील लेबर कॅम्पात राहिले. एका खोलीत आठ जण. फोन महाग, पत्र पोचायला वेळ. तेव्हा कॅसेटची पद्धत होती, इथले जुने लोक सांगतील. टेपरेकॉर्डरपुढे बोलायचं आणि गावी जाणाऱ्याच्या हातात कॅसेट द्यायची. आजीची उत्तराची कॅसेट यायची त्यात निम्मा आवाज कोंबड्याचा आणि म्हशीचा. उरलेल्यात ती पिकाचा हिशेब सांगायची. किती पोती झाली, कुणाचं किती देणं भागलं, पाटाचं पाणी कधी आलं. शेवटी आवाज हळू करून, "जेवतोस नव्हं वेळेवर?" वडिलांनी त्या कॅसेट शेवटपर्यंत जपल्या. खोलीतले बाकीचे सातही जण त्या ऐकायचे. केरळचा एक होता, आंध्राचा एक होता, त्यांना मराठी कळत नव्हतं. पण म्हैस ओरडली की तेही गप्प व्हायचे.

आता नावाकडे येतो.

१९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. शरद जोशींची संघटना. शेतकरी बाई ही शेतकऱ्याची नुसती बायको नसून स्वतः शेतकरी आहे, हा विचार तिथून गावोगाव गेला. पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. नवऱ्याने आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. घरच्या लक्ष्मीचं देणं फेडायचं, अशी ती कल्पना. आणि १९९२ साली महाराष्ट्र सरकारनेही परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सात-बारावर सहधारक म्हणून लावता येईल.

आज्जाला हे कळलं आजऱ्याच्या बाजारात. गिरणीत राहिलेला माणूस, रोज पेपर वाचणारा, युनियनच्या सभा ऐकलेला. घरी येऊन काही बोलला नाही. तोवर भावाशी वाटणी होऊन खालचा तुकडा त्याच्या एकट्याच्या नावावर आला होता. एक दिवस धोतर-टोपी घालून तो चावडीवर गेला आणि अर्ज देऊन आला. नोंद मंजूर व्हायला काही महिने गेले. मग एका संध्याकाळी त्याने उतारा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. आजी तेव्हा सत्तरीच्या पुढे होती.

ती म्हणाली, "आता म्हातारपणी नाव लावून काय करू?" मग जरा थांबून म्हणाली, "बरं, लावलायसा तर वाचा तरी."

आज्जाने वाचलं. तिने परत वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा आमच्या आईने वाचलं. आम्ही तेव्हा शाळेत होतो, सुट्टीला गावी होतो, तिथेच बसलो होतो. लग्नानंतर साठ वर्षांनी एका सरकारी कागदावर तिचं नाव, वडिलांच्या किंवा मुलाच्या ओळखीने नव्हे, जमिनीची धारक म्हणून आलं होतं. तिने तो कागद घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला, वडिलांच्या पहिल्या ड्राफ्टच्या पावतीशेजारी. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठली आणि गोठ्यात गेली.

आज्जा १९९९ साली गेला. त्यानंतरही ती पंधरा वर्षं जगली, आणि अगदी शेवटची दोन वर्षं सोडली तर रोज रानात गेली.

२००४ च्या जानेवारीत आम्ही तिला इथे आणलं. ब्याऐंशी वर्षांची, नऊवारीतली, हातात कापडी पिशवी, पिशवीत घनसाळ तांदूळ. आम्ही हौसेने उंच इमारती दाखवल्या. तिने मान वर करून बघितलं आणि विचारलं, "ह्यातली कंची माझ्या लेकानं बांधली?" वडिलांनी दोन-तीन दाखवल्या. तेवढ्याच तिने नीट बघितल्या. बाकीच्यांत तिला रस नव्हता.

एका शुक्रवारी आम्ही तिला अल ऐनला नेलं. तिथली खजुराची बाग आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सुमारे बाराशे हेक्टरांचा तो हिरवा पट्टा. त्यात फलज वाहतात. फलज म्हणजे जमिनीखालून डोंगरपायथ्याचं पाणी आणणारे पाट. या भागातले सर्वांत जुने फलज तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत, आणि २०११ साली युनेस्कोने अल ऐनला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. फलजांबद्दल आम्ही तिला सांगणार, तोच ती वाकली, पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर पाट हाय की! पाळी कुणाची चाललीय?" पाण्याला पाळी असते, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. आणि खरंच, तिथेही पिढ्यान् पिढ्या फलजाचं पाणी पाळीनेच वाटलं जात आलं आहे.

परतताना गाडीत आम्ही तिला इथल्या जुन्या बायकांची गोष्ट सांगितली. तेल सापडण्याच्या आधी या किनाऱ्यावरचे पुरुष उन्हाळ्यात मोती काढायला समुद्रावर जायचे. जून ते सप्टेंबर, तीन-चार महिने होड्यांवर. मागे घर, पोरं आणि जनावरं बायकांनी सांभाळायची. बरीच कुटुंबं त्या दिवसांत आतल्या बागांकडे खजुराच्या हंगामाला जायची. १९३० च्या सुमारास जपानी कृत्रिम मोती आले आणि तो धंदा बसला. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे हितं बी म्हमईच हुती म्हणा की."

आम्ही या वाक्यावर खूप विचार केला. समुद्रावर गेलेले पुरुष, गिरणीत गेलेले पुरुष, आखातात आलेले आपण. गेलेल्याची गोष्ट सगळे सांगतात. त्याचे कष्ट, त्याची खोली, त्याची मनीऑर्डर. मागे राहिलेलीने जमीन धरून ठेवली म्हणून गेलेल्याला परतायला जागा राहिली, ही दुसरी अर्धी गोष्ट कुठे लिहिली जात नाही.

आजी २०१४ साली दिवाळीनंतर गेली. भात कापून खळ्यावर आलं होतं. आम्ही तिघं त्याच रात्री मिळेल ते विमान धरून गोव्याला उतरलो, आंबोली घाटातून वर आलो, तोवर अंत्यविधी झाला होता. रक्षाविसर्जनाला पोचलो. या सभागृहात असं पोचलेले पुष्कळ आहेत, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.

तिची ट्रंक उघडली. दोन नऊवारी, वडिलांची पावती, उतारा आणि एक खुरपं. खुरप्याचं पातं झिजून दोन बोटं उरलेलं. लोखंड झिजलं होतं, मंडळी!

आणि एक निरोप होता, तिने आईपाशी सांगून ठेवलेला. "खालच्या तुकड्यावर लेकींची बी नावं घाला. सोडपत्र घेऊ नगा." आमच्याकडे रीत अशी, की बाप गेला काय, आई गेली काय, बहिणींना साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आईच्या मिळकतीत मुलामुलींना सारखाच वाटा देतो. वडिलोपार्जित जमिनीतही मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. कायदा आहे, पण रीत त्याच्यापुढे चालते. आजीच्या शब्दामुळे आमच्या घरात रीत मोडली. त्या तुकड्यावर आज आमच्या दोन्ही आत्यांची नावं वडील आणि काका यांच्या बरोबरीने आहेत. आमच्या घराण्यातला, लेकींची नावं असलेला तो पहिला सात-बारा. काकू तो तुकडा कसते. घनसाळ अजून होतो.

आता हे एका घरापुरतं नाही, म्हणून दोन शब्द बाहेरचे. खानदेशात आसोद्याच्या शेतकरी घरात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून वाचल्या. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता देशी वाणांची बियाणं राखत राहिल्या आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तामिळनाडूत कोइम्बतूरजवळच्या पापम्माळ आजींना शंभरी ओलांडल्यावर, शेतात काम करत असताना, २०२१ साली पद्मश्री मिळाली. या नावं मिळालेल्या. बाकीच्यांचं काय? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशभरातल्या शेतीच्या खात्यांपैकी बायकांकडची खाती जेमतेम १४ टक्के होती. वाकलेल्या पाठी मोजल्या, तर हा आकडा कोणालाही पटणार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लिहायचा निर्णय झाला. चांगलं आहे. उशिरा का होईना, रेघ ओढली जाते आहे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली देणगीची. इथल्या कायद्याप्रमाणे परवानगी असलेल्या मार्गानेच हा निधी जमा होतो आणि ज्या मुलींसाठी आहे त्यांच्या फीला, वह्या-पुस्तकांना, वसतिगृहाला जातो. त्या मुलींच्या आया आज कुठेतरी दुसऱ्याच्या रानात रोजाने भांगलत आहेत. शंभर दिऱ्हाम द्या, पन्नास द्या, जमेल ते द्या. आमच्या वडिलांच्या खोलीतल्या आठ जणांनी दर महिन्याला प्रत्येकी पाच दिऱ्हाम बाजूला काढून एकमेकांची अडचण भागवली आहे. रक्कम लहान म्हणून कोणी मागे राहू नये.

दुसरी पावतीची. देणगी देताना पावतीवर 'यांच्या स्मरणार्थ' अशी ओळ ठेवली आहे. तिथे नुसतं 'आजी' लिहू नका. तिचं पूर्ण नाव लिहा. आठवत नसेल तर आज रात्री गावी फोन करून विचारा. माहेरचं नाव कळलं तर तेही लिहा. कित्येक आज्यांचं नाव कागदावर यायची ही पहिलीच वेळ असेल.

तिसरीला पैसे लागत नाहीत. सात-बारा आता मोबाइलवर दिसतो. सुट्टीला जायच्या आधी आपल्या घरचा उतारा काढा आणि त्यावर आईचं, बायकोचं, बहिणीचं नाव आहे का ते बघा. असेल तर त्यांना वाचून दाखवा. नसेल तर या सुट्टीत तलाठ्याकडे एक फेरी मारा. आपण इथे राबतो ते घरासाठी, यात शंका नाही. पण तिथे कोण राबतंय, हेही कागदाला कळू द्या.

आजी असती तर म्हणाली असती, लई बोललास, आता पावती फाड. तेव्हा पावतीपुस्तकं दाराजवळच्या टेबलावर आहेत, आणि मंडळाच्या भगिनी तिथे बसल्या आहेत.